टॅपेट वाजत नाहीत, तरी गाडी मिसिंग करते: सीएनजीवरच्या सिटीचे व्हॉल्व्ह घरी सेट करताना

सकाळी गाडी एका चावीत चालू होते. पहिली वीस-पंचवीस सेकंदं सगळं ठीक असतं. मग स्लोवर, म्हणजे उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर न दाबता, इंजिन थरथरायला लागतं, सायलेन्सरमधून ‘फट्... फट्...’ असा तुटक आवाज येतो, आरशातलं मागचं दृश्य हलतं. हेच ते मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकणं. तीन-चार मिनिटांनी त्रास आपोआप थांबतो. गॅरेजपर्यंत नेली की तिथे शहाण्या मुलासारखी उभी.

माझी २०१० सालची होंडा सिटी, १.५ लिटर आय-व्हीटेक. ४१,००० किलोमीटरला सीएनजी किट बसवलं. ७८,००० च्या आसपास हा त्रास सुरू झाला. प्लग बदलले, महिनाभर बरं वाटलं, परत तेच. थ्रॉटल बॉडी साफ केली, परत तेच. इंजेक्टर साफ केले, गॅसचं ट्यूनिंग दोनदा झालं, गॅसचा फिल्टर बदलला. प्रत्येक वेळी दोन-तीन आठवडे मी स्वतःची समजूत घालत होतो, की आता फरक आहे. फरक नव्हता, हवामान बदललं होतं.

टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या फटीचा, विषय मी स्वतः काढला होता. त्यावर गॅरेजमधून उत्तर आलं, “साहेब, टॅपेट वाजतायत कुठे? एकदम गप्प आहे इंजिन. टॅपेटला हात लावू नका.” मीही मान डोलावली. पुढचे सहा महिने याच वाक्यात गेले. सीएनजीवरच्या गाडीत टॅपेट गप्प आहेत म्हणूनच ते उघडून बघायला हवेत, हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

आवाज का येत नाही

रॉकर म्हणजे व्हॉल्व्हला दाबून उघडणारा हात. त्याचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात कागदाएवढी फट ठेवलेली असते. फट वाढली की टकटक आवाज येतो. मारुती ८०० वर हात बसलेले मिस्त्री कानानेच टॅपेट ओळखायचे ते या टकटकीवरून. पण फट कमीही होते, आणि ती कमी होताना काहीच वाजत नाही. उलट इंजिन आणखी मऊ वाटतं.

कमी का होते? व्हॉल्व्ह बंद होताना हेडमधल्या सीटवर, म्हणजे त्याच्या बसायच्या कड्यावर, दर मिनिटाला शेकडो वेळा आपटतो. पेट्रोलमध्ये पूर्वी शिसं असायचं. त्याचा पातळ थर सीटवर बसून धातूला धातू घासू द्यायचा नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभरात शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि कंपन्यांनी त्यासाठी कडक सीट वापरायला सुरुवात केली. सीएनजी मात्र साफ कोरडा. त्यात ना थेंब, ना कसला थर. एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणारा, व्हॉल्व्ह तापून लाल होतो, सीटवर बसतो, सीट कणाकणाने झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये वर वर सरकतो. त्याची दांडी रॉकरच्या जवळ येते, म्हणजेच फट मिटत जाते. गाडीत काही खोट आहे असं नाही. मी इंधन बदललं आणि फट मोजायचं वेळापत्रक मात्र पेट्रोलचंच ठेवलं.

आता ते तीन-चार मिनिटांचं कोडं. चालू केल्याबरोबर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काही सेकंदांत तापतो आणि लांब होतो. त्याच्या भोवतीचं ॲल्युमिनियमचं हेड मात्र सावकाश तापतं. त्या मधल्या काळात फट सगळ्यात कमी असते. आधीच ती शून्याजवळ असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, सिलिंडरमधला दाब, म्हणजे कंप्रेशन, निसटतं आणि तो सिलिंडर गळतो. मग हेड तापतं. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, फट थोडी मोकळी होते आणि गाडी शहाणी होते. गॅरेजमध्ये काही सापडत नव्हतं ते यामुळे. वीस मिनिटं चालवून नेलेल्या गाडीत ते सापडणारच नव्हतं. त्रास बघायचा असेल तर गाडी रात्रभर तिथेच ठेवावी लागते.

उघडण्याआधी खात्री

टॅपेट कव्हर काढण्यापूर्वी दोन तपासण्या करा. दोन्ही स्वस्तातल्या आहेत.

पहिली, कॉइलची (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाची) अदलाबदल. माझ्या स्कॅनरवर पी०३०३ हा दोषाचा कोड येत होता, म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर. तीनची कॉइल एकला लावली, एकची तीनला. कोड तीनवरच राहिला. प्लगही तसेच बदलून पाहिले, तरी तीनच. म्हणजे ठिणगीचा दोष नव्हता. पेट्रोलवर चालवली तरी मिसिंग थोडं कमी पण तिथेच, म्हणजे गॅसच्या इंजेक्टरलाही दोष देता येईना.

दुसरी, कंप्रेशन. गेज भाड्याने मिळतं किंवा ओळखीच्या गॅरेजमधून तासभर आणता येतं. चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, स्टार्टर फिरवायचा. एक, दोन आणि चार नंबरला १२ ते १३ किलो आलं, तीनला ८. मग तीनमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा घेतलं. तरी ८ च. ऑइलने आकडा वर गेला असता तर रिंगांवर संशय. नाही गेला, म्हणजे गळती वरून, व्हॉल्व्हमधून.

हे दोन्ही जुळलं तरच पुढे जा. आणि एक महत्त्वाचं: तुमच्या इंजिनात फट सेट करायचा स्क्रू आहे का, ते आधी पाहा. कित्येक गाड्यांत स्क्रू नसतोच. तिथे कॅमखाली (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) वाटीसारखी बकेट असते आणि फट बदलायला कमी-जास्त जाडीची बकेट किंवा शिम घालावी लागते. ते घरचं काम नव्हे. हायड्रॉलिक लिफ्टर असतील तर सेट करायला काहीच नाही. या सिटीत सोळा व्हॉल्व्ह आणि प्रत्येकावर एक स्क्रू, एक लॉक नट. काम किचकट नाही, पण सोळा वेळा तेच करायचं असल्याने नवव्या व्हॉल्व्हला लक्ष उडतं.

हत्यारं

दहाचा रिंग पाना, चपट्या टोकाचा आखूड स्क्रू ड्रायव्हर, क्रँक पुलीच्या बोल्टला बसेल ती गोटी आणि लांब हँडल, प्लगची गोटी, जॅक आणि त्याच्या जोडीला घोडी (गाडी टेकवायचा स्टँड), भरपूर स्वच्छ चिंध्या, टॉर्च, वही. कव्हरचं गॅसकेट आणि प्लगच्या नळीभोवतीच्या रबरी सील आधीच आणून ठेवा. जुनं गॅसकेट कडक झालेलं असतं आणि रविवारी दुपारी डोंबिवलीत दुकान उघडं मिळत नाही, हे मी अनुभवाने शिकलो.

फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, यावर थोडं जास्त बोलतो, कारण पहिल्या खेपेला मी तिथेच अडकलो. या इंजिनाची मापं अशी: इनलेट (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह) ०.१५ ते ०.१९ मिमी, एक्झॉस्ट ०.२६ ते ०.३० मिमी, दोन्ही थंड इंजिनावर. बाजारातल्या स्वस्त गेजमध्ये पाती ०.०५ च्या उड्या मारत जातात: ०.१५, ०.२०, ०.२५, ०.३०. एक्झॉस्टला २५ सैल जातं, ३० घट्ट अडकतं, मधलं काय ते कळत नाही. दोन पाती एकत्र करून माप जुळवता येतं, पण मध्ये तेल अडकलं की तेही फसवं. ज्या गेजवर मिमीबरोबर थाऊही (इंचाचा हजारावा भाग) छापलेले असतात तो ३२ पात्यांचा संच घ्या. त्यात ०.१८ म्हणजे सात थाऊ आणि ०.२८ म्हणजे अकरा थाऊ, अशी दोन पाती असतात. इनलेटला पहिलं, एक्झॉस्टला दुसरं, विषय संपला. तुमची गाडी वेगळी असेल तर तिच्या मॅन्युअलमधलं माप घ्या. माझं माप दुसऱ्या इंजिनाला लावू नका.

थंड म्हणजे किती थंड

होंडाच्या सूचनेत इंजिन ३८ अंशांच्या खाली हवं असं म्हटलं आहे. थंड प्रदेशात हे वाक्य वाचून पुढे जाता येत असेल. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारी उन्हात उभी असलेली गाडी न चालवताच त्याच्या वर जाते. विदर्भात तर सावलीतही अवघड. पहिल्यांदा मी शनिवारी संध्याकाळी ऑफिसातून येऊन तीन तास गार होऊ दिली आणि सुरू केलं. हाताला कोमटही लागत नव्हती. पण इंजिनाच्या आतला धातूचा गोळा एवढ्यात निवत नाही. त्या दिवशी घेतलेली मापं आणि दुसऱ्या सकाळी सहाला घेतलेली मापं जुळली नाहीत. आता नियम एकच: रात्रभर उभी, सकाळी चालू न करता काम. पार्किंगमधून दुसऱ्या जागी न्यायची असेल तर आदल्या रात्री न्या किंवा ढकला.

प्रत्यक्ष काम

आधी गॅसच्या टाकीवरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद. बॅटरीची काळी वायर सोडा. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. मग ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक काढा. गाडी घोडीवर टेकलेली असू दे, नुसत्या जॅकवर नको. चाकाच्या आत क्रँकची पुली दिसते.

कॉइल काढताना कुठली कुठे होती ते लिहून ठेवा. प्लगच्या भोवतीची धूळ आधी फुंकून काढा, मग प्लग. प्लग बाहेर असले की इंजिन एका हाताने फिरतं. ते नसले काढले तर प्रत्येक कंप्रेशनला हँडल उलटं उडी मारतं आणि खुणा चुकतात.

कव्हर निघालं की सगळ्यात आधी, फोटोच्याही आधी, चिंध्या. हेडमध्ये तेल खाली जायची भोकं असतात. त्यांत एखादा नट किंवा वॉशर पडला तर तो थेट ऑइल पॅनच्या वाटेला लागतो. भोकांवर चिंध्या घाला आणि किती घातल्या ते वहीत लिहा. मी पाच घातल्या होत्या. बंद करताना चार निघाल्या. पाचवी माझ्याच खिशात होती, पण तोवर घाम फुटला होता.

एक नंबर सिलिंडर पुलीच्या, म्हणजे चेनच्या बाजूला. हँडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. कॅमच्या चक्रावर इंग्रजीत ‘अप’ असं कोरलेलं आहे. ते वर आलं आणि चक्रावरच्या दोन खाचा हेडच्या वरच्या कडेशी सरळ रेषेत आल्या, की एक नंबर टीडीसीवर, म्हणजे त्याचा पिस्टन अगदी वरच्या टोकाला, दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद. या स्थितीत फक्त एक नंबरचे चार व्हॉल्व्ह. मग क्रँक अर्धा फेरा, की तीन नंबर. आणखी अर्धा, चार नंबर. आणखी अर्धा, दोन नंबर. फायरिंगचा क्रम १-३-४-२ तोच इथे. खूण ओलांडून पुढे गेलात तर उलटं फिरवू नका. एकतर बोल्ट सैल होतो, दुसरं म्हणजे चेन उलट्या बाजूने ढिली पडून खूण खोटी बोलते. पूर्ण दोन फेरे मारून परत या.

आता एक फसगत, जी फक्त आपल्यासारख्या सीएनजीवाल्यांची होते. सगळीकडे लिहिलेलं असतं, की टीडीसी बरोबर असेल तर रॉकर हाताने किंचित हलतो. माझ्या तीन नंबरचे एक्झॉस्ट रॉकर हलेनात. मला वाटलं खूण चुकली. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. अर्धा तास गेला. रॉकर हलत नव्हते, कारण फटच उरली नव्हती. टीडीसी बरोबरच होता. म्हणून रॉकर हलवून बघू नका, कॅम बघा. कॅमचं नाक रॉकरपासून दूर असेल तर तुम्ही बरोबर जागी आहात, रॉकर हलो न हलो.

सेट करण्याआधी सगळी सोळा मापं घेऊन लिहा. हे कंटाळवाणं आहे, पण निदान याच्यातच आहे. माझे इनलेट सगळे ०.१५ आणि ०.१८ च्या आत होते, हात लावायची गरज नव्हती. एक्झॉस्ट मात्र: एक नंबर ०.२० आणि ०.१८, दोन नंबर दोन्ही ०.१८, चार नंबर ०.१५ आणि ०.१८, आणि तीन नंबर एक ०.०८, दुसऱ्यात सगळ्यात पातळ ०.०४ चं पातंही शिरेना. म्हणजे आठही मापाबाहेर गेले होते, तीन नंबर फक्त सगळ्यांत आधी ओरडला.

नट सैल करा, स्क्रू थोडा उलटा फिरवा, पातं घाला, स्क्रू हळूहळू आवळत आणा. पातं ओढताना कसं लागलं पाहिजे? मला पटलेली तुलना अशी: वहीच्या दोन पानांमधून तिसरं पान ओढताना लागतं तसं. ढकलून आत जायला हवं. ढकलताना वाकलं तर फट कमी आहे. शंका आली तर शेजारचं जाड पातं घालून बघा. एक्झॉस्टला ०.२८ जातं आणि ०.३३ जात नाही, इनलेटला ०.१८ जातं आणि ०.२३ जात नाही, तर हात बरोबर बसला.

मग खरी गंमत. स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू जागेवर धरून नट आवळला, तरी नट शेवटच्या क्षणी स्क्रूला आपल्याबरोबर किंचित फिरवतो आणि फट पुन्हा घट्ट होते. पहिल्या चार व्हॉल्व्हना मी आवळल्यावर मोजलंच नाही. नंतर मोजलं तर चारही ०.२५ च्या आसपास. त्यावर उपाय म्हणजे आवळण्याआधी फट केसभर जास्त ठेवायची आणि आवळल्यावर मोजायचंच. नटला मनगटाचा जोर पुरे, दंडाचा नको. रॉकरवर पहिलवानकी केली की आटे जातात.

सोळा झाले की क्रँक दोन फेरे फिरवून पुन्हा एकदा सगळं मोजा. मला दुसऱ्या फेरीत दोन चुकलेले सापडले.

परत मिसिंग आलं तर

कव्हर लावल्यावर तिसऱ्या दिवशी माझी गाडी परत थरथरली. डोक्यावर वीज पडल्यासारखं झालं. स्कॅनरवर आता पी०३०२, म्हणजे दोन नंबर. कॉइल ओढली तर प्लगच्या विहिरीत तेल. नळीभोवतीची नवी सील बसवताना मुडपली होती. तेल पुसून, सील नीट बसवून विषय मिटला. पण घाईत मी टॅपेट पुन्हा उघडले असते. म्हणून त्रास परतला की आधी बघा सिलिंडरचा नंबर तोच आहे का. नंबर वेगळा तर कारणही बहुधा वेगळं, आणि बहुधा तुमच्याच हातचं. कव्हरचे बोल्ट मधून बाहेर, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत हलके आवळा. एका कोपऱ्यातून सुरू करून सरळ आवळत गेलं की गॅसकेट तिथे चेपतं आणि दुसरीकडून तेल पाझरतं.

बॅटरी सोडल्यामुळे पहिल्या चालूला स्लो वर-खाली होतो. एसी, दिवे बंद ठेवून रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत नुसती चालू ठेवा, ठिकाणावर येतो. आणि हो, आता थोडी टकटक ऐकू येईल. शेजारच्या काकांनी खिडकीतून विचारलं, “अरे, टॅपेट वाजायला लागले की तुझे!” मी म्हटलं, “काका, वाजू देत.”

नंबर तोच असेल आणि मापं बरोबर असतील, तर कंप्रेशन पुन्हा घ्या. माझ्या तीन नंबरचं ८ वरून साडेअकरावर आलं. तुमचं जागचं हललंच नाही तर व्हॉल्व्हची कड जळालेली असणार. फट शून्य ठेवून फार काळ चालवली की असं होतं, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच सोडतो, आणि त्याला टेकायलाच मिळत नाही. तिथे स्क्रू फिरवून काही होणार नाही. हेड उतरवणं, व्हॉल्व्ह आणि सीट बदलणं, लॅपिंग, म्हणजे दोन्ही एकमेकांवर घासून जुळवणं. ते लेथवाल्याचं काम, आणि त्याचा खर्च ऐकला की फिलर गेजची किंमत आठवते. तसंच फट दोन-तीन हजार किलोमीटरमध्येच पुन्हा मिटत असेल, तर सीट संपत आली आहे. तीही घरच्या कामापलीकडची गोष्ट.

सेट केलं ते ८४,००० ला. ९२,००० ला पुन्हा उघडलं. तीन नंबरचे एक्झॉस्ट दोन्ही ०.२८ वरून ०.२३ वर आले होते, बाकीचे ०.२५ वर. म्हणजे माझ्या गाडीत, माझ्या चालवण्याने, आठ हजारांत जास्तीत जास्त ०.०५ मिमी. हा वेग प्रत्येकाचा निराळा असणार. जड भार आणि जास्त आरपीएमवर सीट जास्त झिजते. म्हणून नाशिकला जाताना कसारा घाट चढायला लागलो की मी आता पेट्रोलवर टाकतो. दोन-चार लिटर जास्त जातं, जाऊ दे. एक्झॉस्टही मी आता ०.२८ ऐवजी मापाच्या वरच्या टोकाला, ०.३० च्या जवळ ठेवतो, कारण फट कमीच होणार हे ठाऊक आहे. मापाबाहेर मात्र जात नाही. काहीजण मुद्दाम ०.३५ ठेवायला सांगतात, मला ते पटत नाही. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर आणि आपटून बंद होतो, आणि झिजणाऱ्या सीटवर आणखी घाव बसतात.

सोळा आकड्यांचं पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कागदपत्रांत ठेवलं आहे. पुढची तपासणी १,००,००० ला, आणि या खेपेला चिंध्या सहा रंगांच्या.